बारा वर्षांचा दोडका

ताडकळसच्या बाजाराच्या दिवशी मी शेजारी हक्कानं जेवायला जायचो. शेजारी म्हणजे उर्दू शाळेतून निवृत्त झालेले सर. त्यांच्या घरच्या मटणाच्या रश्श्यासाठी मी बायकोशीही खोटं बोललेलो आहे.

एकदा ताटात दोडका आला. मी भांड्यात डोकावून पाहिलं. भांड्यातही दोडकाच.

"मटण बंद," सर म्हणाले. "गावात चोरीचा बोकड हाय."

आमच्या गल्लीच्या टोकाला शेळ्या पाळणारी एक मावशी राहते. तिचा बोकड आठवड्यापूर्वी हरवला होता. मग सरांनी गोष्ट सांगितली. हजार-बाराशे वर्षांपूर्वी एक मोठे इमाम होते, धर्मकायद्याचे जाणकार. त्यांच्या शहरात कुणाची तरी मेंढी चोरीला गेली. चोरीचं मांस चुकूनही पोटात जाऊ नये म्हणून त्यांनी मेंढी किती वर्षं जगते ते विचारलं, आणि तेवढी, म्हणजे सात वर्षं, ते मटणाला शिवले नाहीत.

"मी मावशीला विचारलं," सर म्हणाले. "बोकड लय झालं तर बारा वर्सं जगतंय म्हणली."

बारा वर्षं दोडका! आणि बोकड तर कधीच माझ्या पोटात जिरलेला. त्यानं माझा हरभरा फस्त केला, म्हणून रागाच्या भरात मी आणि दोन मित्रांनी शेतावर त्याला फस्त केलं होतं. फिट्टंफाट झाली, असं मी मनाला समजावलं होतं. आता सांगावं तर चोर, न सांगावं तर दोडका.

चार महिने मी दोडका, भोपळा, शेपू गिळत राहिलो. सर हाडाचे खवय्ये. ते मुकाट्यानं भोपळा खाताना बघून मला माझीच लाज वाटायला लागली. शेवटी एकदा ताट सरकवून बोलून टाकलं, "सर, तो बोकड आता कुठंच न्हाई. मीच खाल्ला."

सर शांतपणे हात धुवायला उठले. "मालूम हाय, भाऊ. त्या दिवशी मसाला माझ्याच घरून नेला होता तुमी."

"मग बोलला का न्हाईत?"

"मी बोललो असतो तर तुमी माझ्याशी भांडले असते. मावशीकडं गेले नसते."

माझ्या गोठ्यातला बोकड सोडून घेतला आणि आम्ही दोघं मावशीकडं गेलो. मी खाली मान घालून सगळं सांगितलं. तिनं दावं हातात घेतलं, बोकडाचे दात बघितले आणि म्हणाली, "हरभरा खाल्ला व्हता ना त्यानं? मंग त्याच दिवशी येऊन भांडायचं की. भरपाईला मी काय न्हाई म्हणले असते का?"