पेवातली माती आणि एक जाणकार

पेटंटच्या कायद्यात एक काल्पनिक माणूस असतो. त्याला नाव नाही, घर नाही. आपल्या विषयातलं सगळं त्यानं वाचलेलं असतं, पण स्वतःच्या डोक्यातून नवीन काही निघत नाही. तुमचा शोध त्यालाही सहज सुचला असता असं ठरलं, की पेटंट गेलं. सूक्ष्मजीवशास्त्र शिकवताना असले सहकारी मला कॉलेजात ढिगानं भेटले. कायदा मात्र त्याला मानानं जाणकार म्हणतो.

सांगलीजवळ नदीकाठी हळद साठवायला जमिनीत खोल पेवं असायची. आता बहुतेक पुरानं बुजली. माहेरच्या पेवात उतरून मी भिंतीची माती आणली आणि तिच्यातल्या जंतूपासून एक प्रतिजैविक वेगळं केलं. वर दोर धरून उभा असलेला चुलतभाऊ तेव्हा म्हणाला होता, "आक्का, मातीत काय न्हाई गं. आत हवा न्हाई म्हणून हळद टिकती." सगळे हेच म्हणत.

पेटंट कार्यालयानं अर्ज फेटाळला. पेवात हळद टिकते हे गावाला ठाऊक, मातीतल्या जंतूंपासून औषधं निघतात हे जगाला ठाऊक. दोन्ही जोडणं जाणकाराला उघडच होतं म्हणे. माझं डोकं फिरलं. सगळ्या नोकरीत एवढंच काय ते माझं स्वतःचं होतं. मी उच्च न्यायालयात अपील केलं.

अपील रेंगाळलं. तोवर मी निवृत्त झाले, यजमान गेले, मुलगी परदेशी स्थिरावली. साताऱ्याच्या घरात बोलायला कोणी उरलं नाही, तेव्हा मी त्या जाणकाराशीच भांडू लागले. भाजी निवडताना विचारायचे, "एवढं सुचत होतं, तर आला का नाहीस पेवात?" पण माझं काम ज्याला पुरतं कळतं असा तोच एक उरला होता. हळूहळू भांडण ओसरलं. मी त्याला गुडघ्याचं सांगू लागले, गळक्या नळाचं, मुलीचा फोन न आल्याचंही.

निकाल माझ्या बाजूनं लागला. हळद टिकण्याचं श्रेय सगळेच आत हवा नसण्याला देत होते, मातीकडे वळायला जाणकाराला काही कारणच नव्हतं, असं न्यायालयानं म्हटलं. वकिलांनी फोनवर अभिनंदन केलं. आनंद झाला, खोटं कशाला बोलू. चुलतभावाला सांगावंसं वाटलं, पण तोही आता नाही.

संध्याकाळी मेथी निवडायला बसले. सवयीनं बोलायला तोंड उघडलं आणि गप्प झाले. तो माझ्याबरोबर पेवात कधी उतरलाच नसता, हे मीच न्यायालयात भांडून सिद्ध करून घेतलं होतं.