खिडकीबाहेरची खुर्ची

आमच्या कचेरीत मृत्यूचे दाखले देणारी खिडकी कमरेच्या उंचीवर आहे. कुणी बांधली देव जाणे, पण बाहेरच्याला वाकल्याशिवाय बोलता येत नाही आणि आतल्याला बाहेरच्याचे फक्त हात दिसतात. त्या खिडकीवर एकोणीस वर्षं बसलेल्या कारकुनाला आम्ही खुर्चीकाका म्हणायचो. घरची एक लाकडी खुर्ची आणून त्यांनी खिडकीबाहेर ठेवली होती. येणाऱ्याला आधी बसवायचे. अर्जात छापलंय 'मृताशी नातं', पण काकांनी ते कधी तसं विचारलं नाही. "कोण होतं तुमचं?" म्हणायचे, आणि मग ऐकत बसायचे.

मी शेजारच्या खिडकीवर, जन्माच्या दाखल्यांना. काकांची रांग कंटाळली की माझ्याकडे वळायची, "बाई, तुम्ही तरी बघा." माझं डोकं फिरायचं.

"काका, तुम्ही दाखले देता की सांत्वनाला बसता?"

"अगं, वाकून कुणाला आपल्या माणसाचं मरण सांगता येतं का?" ते हसून म्हणायचे.

एक दिवस तक्रार झाली. केली कुणी, तर त्याच रांगेतल्यांनी, ज्यांच्या घरातलं माणूस गेलेलं. रडणाऱ्यांना जास्त वेळ मिळतो, आम्ही रडत नाही म्हणून आम्हाला दुःख नाही का, असं लिहिलं होतं. अर्ज कुणाच्या नावे करायचा ते मी सांगितलं. कोरा कागदही माझाच. आता खोटं कशाला बोलू?

साहेबांनी खुर्ची अडगळीत टाकली आणि टोकनचं यंत्र बसवलं. मग काका स्वतःच वाकायला लागले. मान वेडीवाकडी करून बाहेरचा चेहरा बघायचे. दोन वर्षांत त्यांची पाठ गेली आणि मुदतीआधीच ते घरी बसले. निरोपाच्या दिवशी एकच मागितलं, खुर्ची परत ठेवा. साहेब म्हणाले, "बघू." कचेरीतलं 'बघू' म्हणजे काय, हे काकांना कुणी सांगायला नको होतं.

त्यांची खिडकी मला मिळाली. मी कामं झटपट उरकते. रांग खूश आहे.

गेल्या मंगळवारी त्रेसष्ट नंबरचा अर्ज आत आला. एकही खाडाखोड नाही. नावं मी वाचत बसत नाही, रिकाम्या जागा तेवढ्या बघते. नात्याची जागा कोरी.

"मृताशी नातं?" मी मान वर न करता विचारलं.

मी पेन आपटलं. "अहो, नातं सांगा. मागे लोक आहेत."

"नवरा," बाहेरून आवाज आला. "मी तिचा नवरा."

आवाज ओळखला आणि मी खाली वाकून पाहिलं. काका काटकोनात वाकलेले, एक हात भिंतीला. म्हणजे काकू गेल्या. माझ्या बाळंतपणात पंधरा दिवस डबा पोचवणाऱ्या काकू, आणि मला पत्तासुद्धा नाही. स्वतःची इतकी लाज मला कधी वाटली नव्हती.

"काका, आत या ना. माझ्या खुर्चीवर बसा."

"नको गं. लोक खोळंबलेत."

"ओळखीपाळखी घरी करा, बाई," रांगेतून कुणीतरी म्हणालं.

मी शिक्का मारला. दाखला हातात आल्यावरही काका सरळ झाले नाहीत, त्यांना होता येईना. तसेच वाकलेले बाजूला सरकले. मी उठले, तोवर चौसष्ट नंबरचे हात खिडकीत आले होते.

मी परत बसले.