माघातल्या गारा

त्या वर्षी दत्तगुरूंवरची माझी श्रद्धा अगदी तुटायला आली होती. माझे यजमान लालबागच्या एका गिरणीत साचेवाले, म्हणजे माग चालवणारे. संयुक्त महाराष्ट्राच्या सत्याग्रहात ते पकडले गेले आणि तुरुंगात होते. त्यांच्या माघारी मला ताप आला, तो छातीत उतरला, फुप्फुसात पाणी झालं. पाणी काढलं, ताप गेला, पण श्वास काही पुरा होईना. चाळीचा जिना चढताना मधेच टेकावं लागे. तसबिरीपुढे दिवा रोज लावत होते, पण मनातून विचारत होते, "तुला सगळं दिसतंय ना? मग गप्प का?"

डॉक्टरांनी डोंगरावरच्या हवेत राहायला सांगितलं. माथेरानला माझी मावशी होती. ती आणि काका घोडे पाळत, हवा खायला आलेल्या लोकांना फिरवत. घरामागे पत्र्याचा तबेला, पुढे लाल मातीची वाट थेट दरीच्या टोकापर्यंत. मावशी मला कामाला हात लावू देत नसे. "तू नुसती बस गो. घोडे बघ," म्हणायची. मी बसून असायची, पण बघत नव्हते. डोक्यात तुरुंगच असायचा.

थंडी सरत आली होती. काका कडबा आणायला नेरळला उतरले होते. दुपारी अचानक वारा सुटला. जांभळीची झाडं जमिनीपर्यंत वाकली, लाल धूळ भोवऱ्यासारखी उठली आणि पाठोपाठ पाऊस नि गारा. तबेल्याचा एक पत्रा उचकटून फडफडू लागला. आत घोडे खिंकाळत होते, बांधल्या जागी उड्या घेत होते. पत्रा आत कोसळला असता तर एकही धड राहिला नसता. मावशी एकटीच धावली. मला राहवलं नाही, मीही गेले.

"दावी सोड! धरू नको, नुसती सोड!" ती वाऱ्यातून ओरडली.

भिजलेल्या गाठी सुटेनात. मी दातांनी सोडवल्या. एकेक घोडा बाहेर झेपावला. अबोली नावाची गाभण घोडी शेवटची. ती सुटली आणि सरळ दरीकडे उधळली. पुढे धुकं, त्यापलीकडे कडा. मी तिच्या मागे धावले. थोड्याच अंतरावर दम संपला आणि मी गुडघ्यांवर बसले. हाकसुद्धा फुटेना. मनात एवढंच आलं, आता तुमचं तुम्ही बघा, महाराज.

धुक्यातून एक म्हातारी आली. डोक्यावर मोळी, अंगावर गुडघ्यापर्यंतचं लुगडं, आणि एका हातात अबोलीची आयाळ. घोडी तिच्याबरोबर शेळीसारखी चालत होती.

"तुझी ना गं ही?" तिनं विचारलं.

मी नुसती मान हलवली. रडू येत होतं. तिनं माझा हात धरून उठवलं आणि म्हणाली, "रडतेस काय बाई? पाऊस बघ की आधी."

मी बघितलं. गारा लाल मातीवर उसळत होत्या. ढग फाटून एका बाजूनं ऊन आलं होतं, त्यात प्रत्येक गार पेटल्यासारखी दिसत होती. दरीतून धुकं वर चढत होतं आणि वारा त्याच्या चिंध्या करून उधळत होता. जांभळीखाली सगळे घोडे माना उंच करून उभे, अंगातून वाफा निघताहेत. काय ते रूप! इतके दिवस मी या डोंगरावर होते आणि पहिल्यांदा मनानं तिथे पोहोचले. बघता बघता छाती भरून श्वास आत गेला, पार खालपर्यंत.

मागे वळले तर म्हातारी पायवाटेनं उतरून गेली होती. मावशीनं वाडीवाडीत चौकशी केली. त्या दिवशी कोणी वर आलं नव्हतं म्हणाले. कोण होती, मी ठरवत नाही. अबोलीला पुढे शिंगरू झालं, मावशीनं त्याचं नाव दत्तू ठेवलं.

होळीच्या सुमारास यजमान सुटून आले. वाळले होते, पण हसत होते. त्यांना सगळं सांगितलं. देवाधर्माचं फारसं न मानणारा माणूस, पण शेवटपर्यंत ऐकत राहिला. मग म्हणाला, "आणि तू दातांनी गाठी सोडवल्यास?"

मी हो म्हटलं. माझ्या हाती तेवढंच होतं. बाकीचं दत्तमहाराजांनी केलं, आणि आजवर तेच करत आले आहेत.