बिनरेघेची कासारीण

लातूर जिल्हा नवा झाला, त्याच्या मागोमाग एक वाईट दुष्काळ पडला आणि त्याच सुमारास मी समाजशास्त्राचा प्राध्यापक झालो. तिन्ही गोष्टींचा लोकांना सारखाच ताप झाला, असं माझी बायको म्हणते. आता इतक्या वर्षांनी मी तिच्याशी वाद घालत नाही.

मला पीएच.डी. करायची होती. माझे मार्गदर्शक नांदेडला राहत. ते म्हणाले, माणसाची जात आणि जमीन मोजण्याचे दिवस गेले, आता माणसामाणसांतलं जाळं मोजायचं. माणूस म्हणजे कागदावरचा ठिपका. एक माणूस दुसऱ्याकडे जातो ती रेघ. ज्याच्याकडे जास्त रेघा येतात तो वजनदार, ज्याच्याकडे एकही येत नाही तो एकाकी. शिवाय एखादा माणूस दोन वेगळ्या घोळक्यांना जोडून ठेवतो, त्याला पूल म्हणायचं. नांदेडहून एसटीनं परत येईपर्यंत अख्खा समाज आपल्या मुठीत आला, अशी माझी खात्री झाली होती.

रेणापूरजवळचं एक लहान गाव मी निवडलं. घरोघर जाऊन एकच प्रश्न विचारायचा: अडचण आली तर तुम्ही कोणाकडे जाता? पहिल्याच ओट्यावरच्या म्हाताऱ्यानं गळ्यातलं लिंग हातात धरून सांगितलं, "महादेवाकडं." महादेव गावचा रहिवासी नसल्यामुळे मला त्याला वगळावं लागलं. बायका नवऱ्याचं नाव घेईनात. "ह्यांच्याकडं" म्हणून आत जायच्या. पण तिसऱ्या दिवसापासून गाव एकदम शहाणं झालं. विचारायच्या आधीच लोक उत्तर द्यायला लागले, "सरपंचाचं लिवा." काही जण वाण्याचं नाव सांगायचे, काही हेडमास्तरचं. गावात आवई उठली होती की हे सरकारी मतदान आहे आणि ज्याला जास्त नावं, त्याच्या दारात पाण्याचा टँकर येणार. मी हसलो आणि लिहून घेत राहिलो. अडाणी लोकांच्या समजुतीला हसण्याचा मला तेव्हा पगार मिळत होता.

गावाच्या खालच्या अंगाला, बौद्ध वस्तीच्या पलीकडे, एका कासारणीचं घर होतं. नवरा वारलेला, लेक दिलेली. डोक्यावर बांगड्यांची टोपली घेऊन ती गावभर आणि वस्तीभर फिरायची. सगळे तिला मावशी म्हणायचे.

"अडचण आली तर कोणाकडे जाता, मावशी?"

ती हसली. "मला कुठली आलीय अडचण? मीच जाते की लोकाच्या अडचणीत."

मी तिच्या नावापुढे शून्य लिहिलं. गावातूनही कोणी तिचं नाव घेतलं नव्हतं. माझ्या नकाशात तिचा ठिपका कोपऱ्यात एकटाच बसला. एकाकी व्यक्तीचं इतकं निर्मळ उदाहरण मिळालं म्हणून मला मनापासून आनंद झाला.

नव्या जिल्ह्याच्या कचेऱ्या तेव्हा भाड्याच्या खोल्यांत होत्या आणि फायली अजून जुन्या जिल्ह्याच्या गावीच अडकल्या होत्या. कागदाची टंचाई पाण्याएवढीच होती. टँकरचं काम बघणाऱ्या भाऊसाहेबांकडे त्या गावच्या घरांची साधी यादीसुद्धा नव्हती. कोणाकडून तरी त्यांना माझ्या नकाशाचं कळलं. त्यावर कॉलेजचा गोल शिक्का होता, एवढं त्यांना पुरे झालं. नकाशा टेबलावर पसरून त्यांनी सगळ्यात जाड तीन ठिपके शोधले आणि तिथे टँकरचे थांबे दिले. ज्यानं ज्याचं नाव सांगितलं, त्यानं त्याच्या थांब्यावर पाणी भरायचं. सरपंच, वाणी आणि हेडमास्तर एकाच गल्लीत राहत होते, हे नकाशात दिसत नव्हतं. तीन थांबे हाकेच्या अंतरावर पडले. लोकांची आवई खरी ठरली आणि ती खरी करणारा मी निघालो. समाजशास्त्राचा शासनाला उपयोग झाला म्हणून मी कॉलेजात पेढेही वाटले.

कासारणीचं नाव कुठल्याच थांब्यावर नव्हतं.

पंधरा दिवसांनी ती लातूरला माझ्या घरी आली. टोपली नव्हती, नुसतीच पिशवी होती. बायकोनं पाण्याचा तांब्या दिला, तो तिनं न थांबता संपवला.

"मास्तर, थांब्यावर उभं राहू देईनात. म्हणतेत, तुमचं नाव न्हाई हितं."

"पण एवढ्या घरी जाता तुम्ही, एखादी कळशी कोणी देणार नाही?"

"आधी गेले की गूळपाणी द्यायच्या. आता मला बघून तांब्या आत नेऊन ठिवतेत. त्यांचं तरी काय चुकलं, मोजून मिळायलंय." मग ती जरा पुढे सरकली. "तुमच्या कागदावर माझी एक रेघ वढा की. सरपंचापस्तोर न्या न्हाईतर वाण्यापस्तोर. कुणाला कळतंय?"

मला आजही लाज वाटते ती याची. मी तिला समजावून सांगितलं की जमवलेल्या माहितीत अशी ढवळाढवळ करता येत नाही, शास्त्राला ते चालत नाही. ती सगळं नीट ऐकत होती. "असंल बाबा," म्हणाली आणि उठली. जाता जाता तिनं माझ्या बायकोच्या हातातल्या टिचलेल्या बांगड्या बघितल्या आणि पुढच्या खेपेला घालते म्हणाली.

त्या संध्याकाळी बायकोनं मला दोनच प्रश्न विचारले. कासारणीकडे कोणी कधी जातं का? आणि नसेल जात, तर कोणाकडे जाता हा प्रश्न कुठल्या गाढवानं काढला?

कासारीण दारात येते. ती हात हातात घेते आणि बांगडी चढेपर्यंत बाई मनातलं बोलते. कोणाची सून नांदत नाही, कोणाचं पोरगं लग्नाचं आहे, वस्तीतल्या सुईणीला कोणत्या घरी बोलावणं आहे, सगळं तिच्या टोपलीतून इकडचं तिकडे जायचं. बांगड्या भरून झाल्या की पाटलीणबाईसुद्धा तिला नमस्कार करते. वरचं गाव आणि खालची वस्ती एकमेकांशी बोलत असतील, तर ते तिच्याच तोंडानं. मार्गदर्शकांनी शोधायला सांगितलेला पूल मला भेटला होता आणि मी त्याच्या नावापुढे शून्य घातलं होतं.

मी भाऊसाहेबांकडे धावलो. ते म्हणाले, "एकदा आलेला नकाशा तोंडी कसा बदलायचा? नवा आणा, शिक्का मारून." मग मी पुन्हा गाव धरलं. या वेळी प्रश्न बदलला: तुमच्या घरात कोण येतं? एकही घर चुकलं नाही. वाड्यातून, वस्तीतून, वाण्याच्या माजघरातून, सगळीकडून एकच उत्तर आलं. पण कागद कॉलेजात गेला, प्राचार्य रजेवर होते, शिक्का त्यांच्या कपाटात होता. मग भाऊसाहेब दौऱ्यावर गेले. असे तीन आठवडे गेले.

शेवटी चौथा थांबा मंजूर झाला, कासारणीच्या दारात. पहिल्या टँकरबरोबर मी स्वतः गेलो. दाराला कुलूप होतं. ड्रायव्हरनं हॉर्न वाजवला तशी वस्तीतल्या बायका घागरी घेऊन धावल्या आणि पाणी भरायला लागल्या. मी घरोघर विचारत सुटलो. कोणी म्हणालं निलंग्याला लेकीकडं गेली असंल, कोणी म्हणालं तिची बहीण नायगावला हाय. लेकीचं गाव नक्की कुठलं, हे कोणालाच सांगता येईना. सरपंच म्हणाले, वस्तीत विचारा. वस्तीत म्हणाले, वर गावात विचारा.

शेवटी ओट्यावरच्या एका म्हातारीनं मला जवळ बोलावलं. तिच्या हातात एकच बांगडी उरली होती.

"उगं कशाला फिरायलाव, मास्तर? गावातलं कोण कुठं गेलं, ते तिलाच तर ठावं असायचं."