अकरा नंबरची बंडी

खांबाला खांब हे नाव कोणी ठेवलं ते आता कोणालाच आठवत नाही, पण ज्याने ठेवलं त्याला माणसाचं माप अचूक कळत होतं. उंच, रुंद, आणि फुटबॉलच्या मैदानात आपल्या गोलसमोर रोवल्यासारखा उभा. समोरून येणारा कितीही झुकांड्या देवो, हा गडी हलायचा नाही. शेवटी येणाराच गोंधळायचा आणि चेंडू आणून याच्या पायात द्यायचा. विरोधी टीमवाले म्हणत, "याला चुकवायचं तर वळसा घालावा लागतो, आणि वळसा पुरा होईपर्यंत मॅच संपते."

मैदान सुट्टीच्या दिवशी. एरवी पोटाचा धंदा फरशी बसवायचा. लोकांच्या घरात शिरायचं, दोरी ताणायची, सिमेंट पसरायचं आणि गुडघ्यांवर रांगत एकेक फरशी ठोकून बसवायची. त्याच्या पिशवीत एक जुनी पाणसळ होती. फरशीवर ती आडवी ठेवली आणि काचेतला बुडबुडा मध्यावर आला की घरमालकाशी वाद नाही. एखादा हटवादी मालक म्हणायचा, "मला ही बाजू खाली वाटते." खांब नुसती पाणसळ पुढे करायचा. "साहेब, माझं ऐकू नका, हिचं ऐका." त्यामुळे यंत्र म्हटलं की त्याचा निम्मा विश्वास आधीच बसलेला असायचा.

चाळिशी दाराशी आली तशी क्लबात कुजबुज सुरू झाली. खांब आता दमतो, पुढच्या मोसमात त्याला घेतील की नाही कोण जाणे. खांबाच्या कानावर ते येत होतं. वरवर तो ते हसण्यावारी न्यायचा. लग्नाआधीपासून तो या क्लबात होता. सुट्टीच्या दिवशी मैदानावर जायचं नसेल तर त्या दिवशी करायचं काय, हेच त्याला माहीत नव्हतं.

त्याच वर्षी क्लबाने आकडेवाली बाई नेमली. चष्मा, पाठीवर लॅपटॉप, वयाने लहान पण बोलणं ठाम. चार दिवसांत सगळे तिला आकडेताई म्हणायला लागले. तिने प्रत्येकाला एक काळी घट्ट बंडी दिली. जर्सीच्या आत घालायची. पाठीला खिसा, खिशात काडेपेटीएवढं यंत्र. कोण किती धावला, किती जोरात धावला, छातीचे ठोके किती पडले, सगळं त्यात साठायचं. ज्याचा जो जर्सीचा नंबर तोच बंडीच्या गळ्याला आतून शिवलेला. हे नंबर शिवायचं काम खांबाच्या बायकोकडे आलं होतं, कारण ती शिवणाच्या दुकानात कामाला होती. आकडेताईचे आणखीही क्लब होते. मॅचला तिला क्वचितच यायला जमे. यंत्रांची पिशवी मागाहून तिच्याकडे जायची.

आता या टीमची एक खोड सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही. मॅच जिंकली की त्या दिवशी जे जसं होतं ते तसंच ठेवायचं. जो पहिला दाराबाहेर पडला तोच पुढेही पहिला. ज्याने फाटका मोजा घातला त्याने फाटकाच घालायचा. एकदा गोलकीपर केळं खाता खाता मैदानात गेला आणि टीम जिंकली, तर बिचाऱ्याला महिनाभर प्रत्येक मॅचला केळं खावं लागलं. शेवटी त्याला केळ्याचा वास सहन होईना, पण करतो काय.

तर मोसमाच्या सुरुवातीला कपडे बदलायच्या खोलीतले दिवे गेले. अंधारात ज्याच्या हाताला जे लागलं ते त्याने चढवलं. खांबाला बंडी काखेत आवळत होती. शेजारी टोळ होता, पायांत स्प्रिंग असल्यासारखा टणाटण उड्या मारत कडेने पळणारा पोरगेला गडी. लग्नाला वर्षही झालं नव्हतं. त्याच्या अंगात बंडी नुसती लोंबत होती. दोघांना कळलं की अदलाबदल झालीय, पण तोवर शिट्टी झाली. आणि टीम दणकून जिंकली.

झालं. टोळ म्हणाला, "दादा, आता बदलायची नाही हं."

"वेडा आहेस का? बदलतो कोण."

कपडा तो कपडा, असंच दोघांनी धरलं. आत यंत्र आहे आणि ते नंबरावरून माणूस ओळखतं, हे सांगितलं गेलं होतं. पण तेव्हा सगळ्यांचं लक्ष चहाकडे होतं. टीम जिंकत राहिली, खांब काखेत कापड आवळून घेत राहिला.

मोसम अर्धा झाला आणि कोचने खांबाला बोलावलं. खांब मनात निरोपाचं भाषण जुळवतच गेला. तर कोच खुर्ची पुढे सरकवतो. "बस. अरे, सगळ्यांत जास्त धावणं तुझं. माझ्या डोळ्यांना तसं दिसत नाही, पण आम्ही सगळे चेंडूकडे बघतो, माणसाकडे बघतो कोण? आणि ही आकडेताई म्हणते, तुझं काळीज पंचविशीतलं आहे. पुढच्या मोसमाला तू पक्का."

खांब घरी आला तो जमिनीला पाय न लावता. बायकोला म्हणाला, "माझं काळीज पंचविशीतलं आहे."

ती कणीक मळत होती. वर न बघता म्हणाली, "मग तेवढं जिना चढताना मध्ये थांबायचं बंद करा."

"मॅडमने यंत्रावर मोजलंय."

"हो का? यंत्राला एकदा आपला जिना दाखवा."

पण खांब हवेतच होता. आठवडाभर त्याने फरशा बसवताना शीळ घातली. एका घरमालकिणीने तर विचारलंही, काही आनंदाची बातमी आहे का म्हणून.

मग एका संध्याकाळी टोळ घरी आला. खांब नुकताच कामावरून परतला होता. बंडी काखेत उसवली म्हणून त्याने ती शिवायला घरी आणली होती, आणि बायको सुईत दोरा ओवत होती. टोळाचं तोंड उतरलेलं. बसला, पाणी प्याला, आणि आकडेताईने दिलेला कागद पुढे केला.

"वहिनी, मला काढणार आहेत. म्हणतात, मी धावतच नाही. ते एक वेळ चालेल. पण ताई म्हणते, माझं काळीज लवकर दमतं. पळणं थांबलं तरी ठोके खाली यायला फार वेळ घेतात. डॉक्टरांना दाखव म्हणाली. डॉक्टर म्हणतात, काही सापडत नाही. घरात बायको मला पिशवी उचलू देत नाही, दादा. रात्री उठून माझ्या छातीवर हात ठेवून बघते."

खांब म्हणाला, "अरे, यंत्र चुकलं असेल."

"यंत्र तपासलं. बरोबर आहे."

टोळ गेला.  बायकोने बंडीचा गळा उलटा केला आणि हात थांबवला.

"अहो, ही अकरा नंबरची आहे. टोळाची. तुमची मी नंबर शिवतानाच दोन बोटं ढिली करून दिली होती."

"माहीत आहे. बदललीय आम्ही. जिंकतोय ना."

"कधीपासून?"

तो सांगू लागला आणि सांगता सांगताच थांबला. गळ्याला शिवलेला तो अकरा मोसमाच्या सुरुवातीपासून त्याच्या मानेला टोचत होता. आज तो दुसरीकडे कुठेतरी टोचला. पाणसळ खोटं बोलत नाही, पण ती कोणत्या फरशीवर ठेवलीय ते बघायला नको? सगळ्यांत जास्त धावणारा टोळ होता. पंचविशीतलं काळीज टोळाचं होतं. आणि ते लवकर दमणारं, थांबल्यावरही धडधडत राहणारं, ते त्याचं स्वतःचं. जिन्याला ते केव्हापासून ठाऊक होतं.

 बायको सांगा असंही म्हणाली नाही, सांगू नका असंही नाही. तिने उसवलेली काख शिवली, दोरा दाताने तोडला आणि बंडी घडी करून त्याच्या मांडीवर ठेवली.

खांब बराच वेळ ती घडी चाचपत बसला. गप्प राहिलं तर पुढचा मोसम पक्का होता. हळूच पुन्हा बंड्या बदलल्या असत्या तरी कोणाला कळलं नसतं. पण टोळाची बायको रात्री उठते, हे काही त्याच्या डोक्यातून जाईना. शिवाय आपल्या छातीवर हात ठेवायचा तो कोणी भलत्याच माणसाच्या छातीवर ठेवतंय, हेही त्याला बरं वाटेना.

दुसऱ्या दिवशी कामावर जाण्याआधी तो क्लबात गेला. कोच आणि आकडेताई दोघंही होती. त्याने बंडी टेबलावर उलटी करून ठेवली आणि दिवे गेल्यापासूनचं सगळं सांगितलं.

कोच म्हणाला, "बदलून घातल्या? आणि बदलूनच ठेवल्या? का?"

"जिंकत होतो ना."

कोच कपाळावर हात मारणार होता, पण थांबला. कारण त्याच्या स्वतःच्या अंगात त्या दिवसापासूनचा तोच चुरगळलेला शर्ट होता. आकडेताईने चष्मा काढून पुसला. "मी तुमचं सगळं मोजलं, दादा. फक्त कोणी काय घातलंय ते विचारलं नाही. ते पहिल्या दिवशी विचारायला हवं होतं." मग चष्मा चढवत म्हणाली, "पण मग डॉक्टरांकडे तुम्हाला जावं लागेल."

"त्यासाठीच आलोय," खांब म्हणाला. तेवढं मात्र खोटं होतं.

डॉक्टरांना या वेळी सापडलं. घाबरण्यासारखं नाही म्हणाले, पण गोळ्या सुरू, जिना सावकाश आणि मॅच खेळणं बंद. टोळाने घरी जाऊन बायकोच्या हातातली पिशवी काढून घेतली, आणि म्हणे दिवसभर खाली ठेवली नाही.

पुढच्या मॅचला खांब बाकावर बसला, त्याच्यावर लक्ष ठेवायला बायको मागे उभी. आकडेताई मुद्दाम आली होती. डॉक्टरांना ठोक्यांचा आलेख हवा म्हणून तिने त्यालाही बंडी दिली, त्याची, चार नंबरची. अंगाला ती इतकी सैल बसली की आपण काही घातलंय हेच त्याला वाटेना. टोळाने आपली अकरा घातली होती. शेवटच्या घटकेला टोळाने गोल केला.

मॅच संपल्यावर ताईने पडद्यावर रेघ दाखवली. धावणं जवळजवळ शून्य. आणि ठोक्यांची रेघ शेवटाला उभीच्या उभी चढलेली.

"दादा, तुम्ही तर बसून होता."

"बसूनच होतो, ताई. शप्पथ."

मागून बायको म्हणाली, "डॉक्टरांना सांगा, बसणं पण सावकाश करायला लावा यांना."

खांब उठला, बंडी काढून ताईच्या हातात देऊ लागला. टोळ धावत आला, घामाने निथळलेला, आणि त्याने खांबाचा हात धरला.

"दादा, काढता काय? जिंकलोय आपण."

"मग?"

"मग काय? पुढच्या मॅचला हीच बंडी, हाच बाक, आणि वहिनी मागे तिथेच उभ्या. काही बदलायचं नाही."

खांबाने कोचकडे बघितलं. कोच आपल्या चुरगळलेल्या शर्टाची बटणं चाचपत होता. म्हणाला, "माझ्याकडे काय बघतोस? नियम म्हणजे नियम."