सिद्धेश्वरीची डॉक्टरेट

होटगीच्या रेल्वे वसाहतीत वाढलेली सिद्धेश्वरी सोलापूरच्या एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्यात लागली, ती माल तपासायला. पुढे नोकरी करतच तिनं एमबीए केलं आणि चाळिशीपर्यंत ती त्याच कारखान्याची मॅनेजर झाली. परदेशी गिऱ्हाईक आलं की मालक आधी तिला बोलावून घ्यायचे.

तिला एकच गोष्ट छळायची. टॉवेलच्या कडा शिवणाऱ्या बायकांचा हात बसला की त्या काम सोडून जायच्या. पगार वाढवूनही टिकायच्या नाहीत. असं का होतं, याचाच अभ्यास करायचा तिनं ठरवलं. इंग्लंडमधल्या एका विद्यापीठात नोकरदारांना घरूनच करता येणारी डीबीए, म्हणजे व्यवसाय प्रशासनातली डॉक्टरेट होती. तिथं तिनं प्रवेश घेतला. रविवारी ती काम सोडलेल्या बायकांच्या घरी जायची. कुणाशी मराठीत बोलायची, कुणाशी कन्नडमध्ये. तेलुगू घरात दुभाषी म्हणून शेजारणीला मध्ये घ्यायची. हळूहळू उलगडलं, की मुलं शाळेतून येतात तेव्हा घरात कुणी नसतं, म्हणून बायका थांबत नाहीत. मालकांच्या मागे लागून तिनं शाळेच्या वेळेशी जुळणारी कामाची पाळी सुरू केली. बायका टिकल्या, गेलेल्यांपैकी काही परतही आल्या. तोच तिचा प्रबंध. परीक्षकांनी तिला दुपारभर प्रश्न विचारले आणि पदवी दिली.

त्यानंतर शहरातल्या एका मॅनेजमेंट कॉलेजात प्राध्यापकाची जागा निघाली. सिद्धेश्वरीला शिकवायची हौस फार दिवसांची होती. तिनं अर्ज केला.

छाननी समितीचे प्रमुख मृत्युंजय सर शिस्तीचे म्हणून ओळखले जायचे. पैसे भरून घरपोच येणाऱ्या 'डॉक्टरेट' त्यांनी बऱ्याच परत पाठवल्या होत्या. हिच्या बाबतीत त्यांनी विद्यापीठाला त्या देशात मान्यता आहे का ते पाहिलं, परीक्षकांना ईमेल करून विचारलं, अख्खा प्रबंध वाचला. मग तिला बोलावलं.

"बाई, विद्यापीठ खरं आहे, आणि काम तर फारच चांगलं आहे. पण ही व्यावसायिक डॉक्टरेट आहे. या जागेला पीएच.डी. लागते किंवा तिच्या बरोबरीची म्हणून दाखला लागतो. तो मिळेल असं मला वाटत नाही."

संस्थेचे विश्वस्त सोमेश शेजारीच बसले होते. त्यांना ही बाई हवीच होती. ते म्हणाले, "सर, नावाआधी डॉक्टर आहे की! आपण धरून टाकू. कोण बघायला येतंय?"

सिद्धेश्वरीचा चेहरा उतरला होता. तरी ती शांतपणे म्हणाली, "नको. आज माझ्यासाठी धरलंत, तर उद्या विकतची पदवी घेऊन येणाऱ्याला सर कोणत्या तोंडानं नाही म्हणतील? माझ्या पदवीसाठी मी घाम गाळलाय. तिला मागच्या दारानं आत न्यायचं नाही मला."

मृत्युंजय सर उठून उभे राहिले आणि त्यांनी तिला हात जोडले.

घरी तिचे वडील, रेल्वेतून निवृत्त झालेले निंगप्पा, वाट बघत होते. सगळं ऐकून त्यांनी विचारलं, "मग तू डॉक्टर हाईस का न्हाईस?"

"हाय की अप्पा. पण त्या खुर्चीला लागतो तसला न्हाय."

"म्हंजे लबाडीचा न्हाय न्हवं?"

"न्हाय."

"चलो आतु," चांगलं झालं, असं कन्नडमध्ये म्हणत ते जेवायला बसले.

महिन्याभरानं मृत्युंजय सरांचा फोन आला. उद्योगातल्या अनुभवी माणसांना शिकवायला बोलावण्याची तरतूद असते, त्यासाठी पीएच.डी.ची अट नसते. त्या जागेसाठी त्यांनी तिचं नाव सुचवलं होतं आणि ते एकमतानं मंजूर झालं होतं. नेमणूक ठरावीक मुदतीची होती, कायमची नव्हती. सरांनी तेही स्पष्ट सांगितलं. ती लगेच हो म्हणाली.

पहिल्या तासाला तिनं पुस्तक उघडलंच नाही. शिवण विभागातल्या म्हाळसाबाईंना ती सोबत घेऊन आली होती. "काम का सोडलं होतं आणि परत का आलात, ते पोरांना तुम्हीच सांगा," ती म्हणाली. म्हाळसाबाई आधी लाजल्या, मग सुटल्याच. तास संपला तरी पोरं उठेनात. निंगप्पा इस्त्रीचा शर्ट घालून शेवटच्या बाकावर बसले होते. शेजारच्या पोरानं विचारलं, "आजोबा, तुम्ही कोण?"

"मॅडमचा बाप," ते म्हणाले, आणि ताठ बसले.