मनांग ओतिंगचा शेवटचा शब्द

फिलिपिन्समधल्या मक्तान बेटावरच्या आमच्या गल्लीतून मनांग ओतिंगने, म्हणजे आमच्या ओतिंगताईने, ‘अम्पिंग’ म्हटल्याशिवाय कोणाची सुटका नाही. अम्पिंग, म्हणजे जपून जा. पाद्री असो नाहीतर तिच्याच कोंबड्या पळवणारा शेजारी, सगळ्यांना सारखंच. फक्त एकदा, नवऱ्याशी भांडण झालेलं असताना तो बोटीवर निघाला, तेव्हा तिने तोंड मिटून घेतलं. तो बुडाला नाही. दूर दावाव शहरात उतरला आणि तिथे दुसरा संसार थाटून बसला. ओतिंगच्या लेखी मात्र तो अपघातच.

विमानतळावर तिचं काम विमान मार्गी लावायचं. ट्रॅक्टर विमानाला मागे ढकलतो, तेव्हा ही नाकाखालून चालत कॅप्टनशी हेडसेटवर बोलते. ट्रॅक्टर सुटला की पुढच्या चाकातली लाल फितीची पिन उपसायची आणि बाजूला उभं राहून कॅप्टनला दिसेल अशी उंच धरायची. कॅप्टनने आतून हात हलवला की विमान मोकळं. पूर्वी हेडसेटला वायर होती. ती उपटण्याआधी ओतिंग हळूच म्हणे, अम्पिंग, काप. काप म्हणजे कॅप्टन. वायरीवर दोघंच, कोणाला कळणार?

मग कंपनीने बिनतारी हेडसेट आणले. विमानाच्या नाकात एक डबी खोचायची आणि कुठूनही बोलायचं. पंखांवर नजर ठेवणारी, पंखांखालची माणसं त्याच लाइनीवर, आणि सावलीत खुर्ची टाकून बसलेले सुपरवायझर सुमालिनोगसुद्धा. पहिलंच ‘अम्पिंग’ ऐकून सरांनी लगेच तिला बोलावून घेतलं. ठरलेल्या शब्दांपलीकडे एक अक्षर नको. पुन्हा ऐकलं तर हेडसेट काढून घेईन आणि बॅगा उचलायला पाठवीन, म्हणाले. तो हेडसेट डोक्यावर चढायच्या आधी अर्धं आयुष्य तिने बॅगाच उचलल्या होत्या.

एक दिवस ती गप्प राहिली. त्या संध्याकाळी तिने आमच्यावर इतकं तोंडसुख घेतलं, की तिला बोलू द्या म्हणून गल्लीच सरांकडे अर्ज करणार होती.

दुसऱ्या दिवशी मनिलाचं विमान निघालं. ट्रॅक्टर सुटला, पिन निघाली. ठरलेले शब्द संपवून ओतिंगने नुसता श्वास घेतला, तेवढ्यात सर लाइनीवर कडाडले.

“बस झालं, मनांग. हेडसेट इकडे आणा.”

डबी अजून विमानाच्या नाकात आहे आणि कॅप्टन सगळं ऐकतोय, हे रागाच्या भरात सर विसरले. ओतिंग शांतपणे सावलीपर्यंत गेली. हेडसेट त्यांच्या डोक्यावर बसवला आणि लाल फितीची पिन हातात दिली.

“घ्या, सर. आता विमान तुमचं.”

खुर्चीतला माणूस उन्हात आला. त्याने घाईघाईने ठरलेले शब्द म्हटले. विमान हलेना.

“ते ऐकलं,” कॅप्टन म्हणाला. “रोजचं राहिलं.”

पंखांखालची माणसं जमिनीकडे बघू लागली. सर पिन घट्ट धरून उभे. शेवटी दातांतून निघालं, “अम्पिंग.”

“असं म्हणतात होय?” ओतिंगने हेडसेट त्यांच्या डोक्यावरून उतरवला. “दारातून हाकलताय का त्यांना?”

तो तिने स्वतःच्या डोक्यावर चढवला आणि साऱ्या लाइनीला ऐकू जाईल असं, खणखणीत म्हणाली, “अम्पिंग, काप.” मग डबी उपटली, सरांच्या मुठीतून पिन सोडवली आणि उंच धरली. आतून हात हलला. विमान गेलं.

सरांनी हेडसेट परत मागितला. ती म्हणाली, काढून घ्या. आणि हनुवटी वर करून उभी राहिली. अजून तरी कोणी काढलेला नाही.